मांजराचा मुशाहिरा

वर्धा जिल्ह्याचे जुने सरकारी दफ्तर चाळू लागले म्हणजे इंग्रजी अंमलाने या मुलखातील मुक्या जनावरांची मोजदाद किती कसोशीने ठेवली होती, हे पाहून काहीसा अचंबा वाटतो. १८६२ साली नागपुरातून वेगळा काढलेला, प्रथम पुलगावजवळच्या कवठ्याहून आणि १८६६ पासून पालकवाडीच्या जागी वसविलेल्या वर्धा शहरातून ज्याचा कारभार चालू लागला असा हा जिल्हा मुख्यतः कापसाचा आणि ज्वारीचा; त्यामुळे आर्वी-कारंजाकडच्या गवळाऊ गुरांची पैदास, नांगराला आणि बंडीला लागणाऱ्या बैलजोड्या, म्हशी, शेळ्यामेंढ्या, तट्टे या सर्वांस महसुली कागदांत आपापले मानाचे स्थान होते. मांजरास ते तेव्हा मिळाले नाही, आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या पशुगणनेत त्याचा रकाना आजही नाही. ते जोतास लागत नाही, दुभते नाही, बाजारात त्याला मोल येत नाही. तरीही ज्या धान्यावर जिल्ह्याची जमाबंदी ठरे त्या धान्याचा रात्रीचा पहारेकरी तेच होते. आणि या पहारेकऱ्यास आपण काय खाऊ घातले, त्याने स्वतः काय मिळवून खाल्ले, आणि त्या खाण्याचा त्याच्या मूत्राशयाशी काय संबंध आला, ही हकीकत लिहून ठेवण्याजोगी आहे. विषय ऐकून एखादा सोवळा वाचक नाक मुरडील. पण ज्या समाजाने गोमूत्राचे एवढे माहात्म्य गाइले, त्याने मार्जारमूत्राचे इतके वावडे मानण्याचे कारण नाही.

आपल्या शास्त्रकारांनी मांजराची दखल घेतली ती बहुतेक त्याच्या वैरासाठी आणि ढोंगासाठी. ज्यांचा विरोध शाश्वत आहे अशा प्राण्यांच्या द्वंद्वसमासाकरिता पाणिनीने स्वतंत्र सूत्र रचले आणि टीकाकारांनी त्याला मार्जार-मूषकांचे उदाहरण जोडले. मनुस्मृतीने दांभिक तपस्व्याच्या व्रतास बिडालाचे नाव दिले, आणि मांजर मारणाऱ्यास प्रायश्चित्तही सांगितले, ज्याचा लौकिक अवतार म्हणजे काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागेल ही घरोघरच्या आजीबाईंची धमकी. वैद्यकाची गोष्ट निराळी. हत्तींच्या वैद्यकासाठी पालकाप्याचा ग्रंथ, घोड्यांच्या वैद्यकासाठी शालिहोत्राचा. सुश्रुताने अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार सांगून तो शस्त्राने काढण्याची रीत वर्णिली, ती माणसांसाठी. जो प्राणी राजाच्या पदरी नाही, त्याच्या दुखण्यापायी कोणी ग्रंथ लिहीत बसत नाही. इंग्रजी अंमलात पशुवैद्यकाचे खाते निघाले तेही घोड्यांसाठी आणि बुळकांडीने मरणाऱ्या गुरांसाठी; बोक्याचे कुंथणे हा त्या खात्याच्या रोजनाम्यातला विषय नव्हता.

मांजराची नेमणूक कशासाठी झाली होती, हे कळावयास जुन्या वाड्याचे कोठार डोळ्यांपुढे आणावे लागते. मध्यप्रांतात मालगुजारी होती; गावाचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा मालगुजार हाच गावाचा सावकार आणि बहुधा सर्वांत मोठा धान्यसंचयी असे. ज्वारी पेवात उतरे, बियाणे आणि खाण्याचे धान्य शेणामातीने लिंपलेल्या कणग्यांत आणि ढोल्यांत राही, आणि कापसाच्या दिवसांत हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, वर्धा येथील रेचाच्या कारखान्यांपासून ते शेतकऱ्याच्या पडवीपर्यंत सरकीचे ढीग पडत. उंदरांस याहून सुखाचे राज्य कोठे मिळणार? उंदराचा उपद्रव हा कारभाराचा प्रश्न होता, निव्वळ गृहिणीची कटकट नव्हती. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रात, रात्री जळता दिवा ठेवाल तर उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजी पेट घेतील, अशी ताकीद आहे. अशा जागी मांजर हा हौसेचा प्राणी नव्हता, तो शागिर्दपेशातला एक चाकर होता. आणि चाकर म्हटला की मुशाहिरा आला.

तो मुशाहिरा काय होता, हे जुन्या पिढीतील कोणीही सांगेल. संध्याकाळी धारा झाल्या की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या फुटक्या खापरात किंवा नारळाच्या करवंटीत कालची ज्वारीची भाकर कुस्करून पडे, तिच्यावर ओंजळभर दूध, दुधात तितकेच पाणी, आणि ज्या घरी मांसाहार चाले तेथे बाजारच्या दिवशी हाडकांचा आणि मासळीच्या डोक्यांचा प्रसाद. वर्धा आणि धाम या नद्यांवर जाळी टाकणाऱ्या ढिवर-भोयांच्या वस्तीत मांजरांची चैन अधिक, हे उघड आहे. भाकर दुधात भिजून लगद्यासारखी झाल्याशिवाय मांजर तिला तोंड लावीत नसे. प्रथम दूध चाटून घ्यायचे, मग लगद्याचा मऊ भाग, आणि कडेचा कडक पापुद्रा कावळ्यांसाठी सोडून द्यायचा, असा त्याचा शिरस्ता. यापेक्षा अधिक द्यावयाचे नाही, असे घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे धोरण असे. पोट भरले की मांजर आळशी होते, मग उंदीर कोण मारणार, हा त्यामागचा हिशेब. शिंके तुटून बोक्याचे फावले तर ते निराळे, ती वरकमाई.

गंमत अशी की हाच हिशेब सातासमुद्रापलीकडच्या एका सरकारी कचेरीने कागदोपत्री मांडून ठेवला आहे. १८६८ साली, म्हणजे वर्धा शहर वसून दोन वर्षे झाली होती त्या सुमारास, लंडनच्या टपालखात्याच्या मनिऑर्डर कचेरीत उंदीर फार झाले म्हणून तीन मांजरे नेमण्यात आली आणि त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला एक शिलिंग मंजूर झाला. मागणी याहून अधिक रकमेची होती. वरिष्ठांनी ती कापली, उरलेला उदरनिर्वाह मांजरांनी उंदरांवर करावा असा शेरा मारला, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास भत्ता आणखी घटवण्यात येईल अशी तंबीही दिली. कारकुनी विनोदाचा हा नमुना असला तरी त्यातील धोरण वर्ध्याच्या आजीबाईंचेच आहे.

हे धोरण अर्धे बरोबर होते. चार्ल्स एल्टन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने शेतवाड्यांवरील मांजरांचे निरीक्षण करून १९५३ साली जो लेख प्रसिद्ध केला, त्यात असे दिसून आले की एकदा उंदीर काढून टाकलेल्या वाड्यात मांजरे त्यांना पुन्हा शिरू देत नाहीत, मात्र त्यासाठी मांजरांस रोज वाड्यात दूध मिळाले पाहिजे. ते मिळाले नाही तर ती दूर रानात भटकतात आणि पहारा उघडा पडतो. म्हणजे मुशाहिरा मांजरास जाग्यावर टिकवून धरतो. आळशी करीत नाही. अतिशय उपाशी मांजर हा चांगला शिकारी असतो हा समज खरा नाही, कारण शिकारीची प्रवृत्ती भुकेवर फारशी अवलंबून नसते, हे ज्याच्या घरच्या धष्टपुष्ट मांजराने अंथरुणावर उंदीर आणून ठेवला आहे त्याला सांगावयास नको.

या चाकराची कामगिरी सरकारदरबारी मान्य झाली ती प्लेगच्या दिवसांत. १८९६ साली मुंबईत शिरलेला हा रोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मध्यप्रांत-वऱ्हाडात थैमान घालीत होता. घरात उंदीर पडला की गाव उठे, आणि माणसे शेतात झोपड्या घालून राहत. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी आधीच खंगलेल्या वर्धा जिल्ह्याची १९०१ ची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली होती. त्यावर हे संकट. १८९८ साली कराचीत काम करणाऱ्या सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरील पिसवांचा संशय बोलून दाखविला होता, आणि पुढे १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाने तो सिद्ध केला. मग उंदीर मारावयाचे कसे? सापळे आणि विष यांना हिंदू-जैन वस्तीत विरोध होई. अशा वेळी वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावतीस सिव्हिल सर्जन असलेल्या लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावची घरे आणि मांजरे यांचे प्रमाण पाहिले आणि ज्या गावांत मांजरे भरपूर तेथे प्लेगचा जोर कमी, असा निष्कर्ष काढून १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजरांची शिफारस केली.  त्यांच्या निष्कर्षात आजच्या संख्याशास्त्रज्ञास अनेक छिद्रे दिसतील, आणि मांजरास स्वतःलाही प्लेग होऊ शकतो हे आता ठाऊक आहे; पण या भागातल्या मांजरांची कोणी गंभीरपणे मोजणी केली असेल तर ती या गृहस्थाने, आणि तीही अन्नाच्याच अंगाने, कारण मांजर काय खाते यावर गावाचे जगणे-मरणे अवलंबून आहे असे त्यांचे म्हणणे होते.

आता त्या अन्नाकडे जरा जवळून पाहू. उंदराच्या शरीरात साधारण दोन-तृतीयांश पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिने आणि चरबी, आणि पिष्टमय पदार्थ जवळजवळ नाहीत. रानात राहणाऱ्या मांजरांच्या आहाराचे पृथक्करण केले असता निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा प्रथिनांतून, बहुतेक बाकीची चरबीतून आणि अवघी दोनेक टक्के पिष्टातून येते, असे आढळले आहे. घरच्या मांजराचा पूर्वज हा पश्चिम आशियातील आणि आफ्रिकेतील कोरड्या प्रदेशातला रानमांजर. त्याला वाटेत पाणी क्वचितच भेटे, म्हणून भक्ष्यातलेच पाणी पुरवून वापरावे आणि मूत्र शक्य तितके दाट करून टाकावे, अशी त्याच्या मूत्रपिंडांची घडण झाली. माणूस आपले मूत्र जितके दाट करू शकतो त्याच्या दुपटीहून अधिक दाट मांजर करते. तहानेची जाणीव त्यास मंद. वैशाखातल्या वर्ध्याच्या ४५ अंशांच्या उन्हातही ते रांजणाजवळ सावलीला पडून राहील, पण कुत्र्यासारखे लपालपा पाणी पिणार नाही. चार किलोच्या मांजरास दिवसाकाठी सर्व मार्गांनी मिळून सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी लागते. आठ-दहा लहान उंदरांत त्याचा मोठा वाटा आपसूक येतो, आणि करवंटीतल्या पाणीदार दुधाने उरलेली भरपाई होते. मांसातील गंधकयुक्त अमिनो आम्लांमुळे त्याचे मूत्र आम्लधर्मी राहते, आणि ज्या खड्यांची मांजरात पूर्वी सर्वाधिक भीती असे ते मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे स्ट्रुव्हाइट स्फटिक आम्लधर्मी मूत्रात सहसा जमत नाहीत. दुधाची गोष्ट थोडी वेगळी. मोठ्या झालेल्या मांजरास दुधातली साखर नीट पचत नाही आणि अनेकांचे पोट त्याने बिघडते. तरी दूध-भाकरीचा एक गुण जुन्या माणसांच्या लक्षात न येताच पदरात पडत होता: ती ओली होती.

येथे वर्ध्याच्या एका खास पेचाकडे वळले पाहिजे. हे शहर शाकाहाराचे आणि दुधाचे. जमनालाल बजाजांनी १९४१ साली येथे गोसेवा संघ काढला, गोरस भांडाराचा गोरसपाक आजही येणारे-जाणारे बांधून नेतात, आणि १९३६ पासून गांधीजी ज्या सेगावात राहिले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, तेथे साप पकडून दूर सोडून देण्याची लाकडी पेटी आणि चिमटा अद्याप पाहावयास मिळतो. हिंसा टाळून जनावरांशी शेजारधर्म कसा पाळावा, याचा येथे फार विचार झालेला आहे. १९२६ साली अहमदाबादेत भटक्या कुत्र्यांवरून जो वाद माजला त्यात गांधीजींनी घेतलेली भूमिका अनेक अहिंसावाद्यांस रुचली नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यापुढे तुकडा टाकणे ही दया नव्हे, प्राणी पाळावयाचा तर त्याची सर्व जबाबदारी घेऊन पाळावा, असे त्यांचे म्हणणे होते. हे तत्त्व मांजरास लावले तर शाकाहारी घराची अडचण होते. मांजर उंदीर मारीत होते तोवर यजमानाचे सोवळे आणि मांजराचे पोट दोन्ही सुरक्षित होती; यजमानाने दूध-पोळी द्यावी, बाकीचे मांजराने रात्री अंधारात उरकावे, आणि त्याची चर्चा कोणी करू नये. हा दोघांनाही सोईचा बोके-संन्यास होता. पण तेच मांजर घरात कोंडून केवळ दूध-पोळीवर ठेवले तर त्याचा हळूहळू घात होतो. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही, ते बाहेरून, मुख्यतः प्राणिज अन्नातून, मिळावे लागते; त्याच्या अभावी डोळ्याचा पडदा झिजतो हे १९७५ साली आणि हृदयाचा स्नायू दुबळा होतो हे १९८७ साली अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले. शिवाय धान्यप्रधान अन्नाने मूत्र अल्कधर्मी होऊ लागते, आणि स्ट्रुव्हाइटला तेच हवे असते. मांजरास शाकाहारी करण्याचा हट्ट ही अहिंसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला ते सोसत नाही त्याने मांजर पाळू नये.

जुनी व्यवस्था मोडली ती कोणाच्या हुकमाने नव्हे. १९५१ साली मालगुजारी संपली, वाडे भावाभावांत वाटले गेले, पेवे बुजली, धान्य सरकारी गोदामात आणि पोत्यात गेले. शेणामातीच्या भिंतींच्या जागी सिमेंट आले आणि उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या आल्या, ज्यांनी कधी कधी उंदरांबरोबर त्यांना खाणारी मांजरेही मेली. मांजराची चाकरी गेली, आणि मुशाहिरा तेवढा राहिला. मग तोच त्याचा सारा आहार झाला. पुढे वर्धा, हिंगणघाट, सेवाग्राम येथे सदनिका उभ्या राहिल्या, मांजर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहू लागले, त्याची नसबंदी होऊ लागली, ते लठ्ठ होऊ लागले, आणि चालू शतकात पाकिटातले कोरडे दाणे या जिल्ह्याच्या दुकानांतही फळीवर दिसू लागले. पूर्वी मांजर चुलीच्या राखेत किंवा परसातल्या मातीत उकरून आपला विधी उरकी आणि झाकून टाकी. त्याने किती वेळा लघवी केली, तीत रक्त होते की नव्हते, हे पाहणार कोण? बोका दोन दिवस दिसला नाही आणि मग कुडाआड मेलेला सापडला, तर साप चावला असेल, विष खाल्ले असेल, एवढ्यावर पंचनामा संपे. १९४७ साली अमेरिकेत एड लो याने मातीचे दाणे मांजरांच्या विधीसाठी विकावयास काढले. तसल्या दाण्यांची पेटी घरात आली आणि हे दुखणे प्रथमच माणसाच्या नजरेस पडू लागले.

परदेशांत या दुखण्याचा इतिहास थोडा जुना आहे. लंडनच्या हॅमिल्टन कर्क यांनी १९२५ साली मांजरांच्या रोगांवर पुस्तक लिहिले त्यात बोक्यांचे मूत्र तुंबण्याची दखल आहे, म्हणजे कोरड्या दाण्यांच्या आधीही हा विकार होता. दाण्यांस सर्व पापांचे धनी ठरविणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत डब्यांच्या पत्र्याची टंचाई झाली, पाणीदार डबाबंद खाद्य मागे पडले आणि कोरड्या खाद्याने बाजार धरला. १९७० नंतरच्या काळात डेन्मार्कमध्ये विलेबर्ग यांनी रोगाच्या प्रसाराचा अभ्यास करून कोरडे खाद्य, लठ्ठपणा आणि घरकोंडेपणा यांचा या विकाराशी संबंध दाखविला. प्रारंभी दोष ‘राखे’वर, म्हणजे खाद्यातील एकूण खनिजांवर गेला, मग मॅग्नेशियमवर, मग मूत्राच्या आम्लतेवर. ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केले, खाद्य आम्लकारक केले, आणि स्ट्रुव्हाइट खरोखरच हटले. पण कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढू लागले, जे आहाराने विरघळत नाहीत आणि बहुधा शस्त्रक्रियेने काढावे लागतात. मिनेसोटा विद्यापीठात खड्यांच्या पृथक्करणासाठी १९८१ साली निघालेल्या केंद्राच्या आकड्यांत हा पालट स्पष्ट दिसतो: आरंभी तीन-चतुर्थांशाहून अधिक खडे स्ट्रुव्हाइटचे आणि ऑक्झलेटचे नगण्य, वीस वर्षांनी ऑक्झलेट निम्म्याच्या वर. एका टोकाचा उपाय दुसऱ्या टोकाचा अपाय झाला. पुढे ओहायोतील टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की कुंथणाऱ्या, रक्तमूत्री मांजरांपैकी निम्म्याहून अधिकांत ना खडा सापडतो, ना जंतुसंसर्ग. मूत्राशयाचा हा दाह मनावरच्या ताणाशी जोडलेला असतो. दिवाळीची रंगसफेदी, फटाके, घरात आलेले नवे मांजर, पाहुण्यांची गर्दी, यांपैकी काहीही त्यास पुरते.

या साऱ्या घोळातून एकच गोष्ट सर्व पक्षांनी मान्य केली आहे, आणि ती म्हणजे पाणी. खडा कोणत्याही जातीचा असो वा नुसता दाह असो, मूत्र पातळ राहिले तर बहुतेक तक्रारी सौम्य होतात. कोरड्या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असते. साठ ग्रॅम दाण्यांतून मांजरास जेमतेम सहा मिलिलिटर मिळते, आणि वरून पिऊन ते कमतरता पुरी भरून काढीत नाही. ओल्या डबाबंद खाद्यात पाऊणहून अधिक पाणी असते. म्हणून आज वर्ध्यात मांजर पाळणाऱ्याने पाकिटावरील मोठ्या अक्षरांकडे पाहण्याआधी ताटातल्या ओलेपणाकडे पाहावे: परवडेल तर ओले संपूर्ण खाद्य, नाही तर दाणे कोमट पाण्यात भिजवून, उन्हाळ्यात लवकर आंबते म्हणून थोडे थोडे. नुसती उकडलेली कोंबडी बरी वाटते, पण हाडांवाचून तिच्यात कॅल्शियम नाही आणि उकळून टाकलेल्या पाण्याबरोबर टॉरिन जाते. तेव्हा तो पूरक घास ठेवावा, सारा आहार करू नये, आणि तिचे बिनमिठाचे, बिनकांद्या-लसणाचे पाणी मात्र खुशाल द्यावे. पाण्याची भांडी खाण्याच्या ताटलीपासून दूर, एकाहून अधिक, मातीची चालतील. दूध हवेच असेल तर चवीपुरते. मूत्ररोगावरचे म्हणून विकले जाणारे आम्लकारक खाद्य मूत्र तपासल्याशिवाय आपल्या मनाने सुरू करू नये. स्ट्रुव्हाइट असेल तर ते काही आठवड्यांत खडा विरघळवते, पण ऑक्झलेटवर त्याचा उपयोग नाही आणि ते अंगलटही येऊ शकते. काटेगोखरूचा काढा माणसाच्या मुतखड्यावर घेतला जातो म्हणून बोक्याच्या घशात ओतणारे उत्साही लोकही आहेत. त्यांना हात जोडावे.

आहाराने दुखणे टळते, अडलेली वाट मोकळी होत नाही. बोक्याच्या मूत्रनलिकेचे टोक एक मिलिमीटरहूनही अरुंद असते, आणि बारीक स्फटिक व चिकट प्रथिन यांची पांढरट गुठळी तेथे बसली म्हणजे थेंबही बाहेर पडत नाही. धनी येऊन डॉक्टरास सांगतो, “दोन दिसांपासून संडास होऊन नाही राहिली जी, नुसता कुंथून राहिला,” आणि घरी एरंडेल पाजून झालेले असते. तोवर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय थांबण्याच्या बेतास आलेले असते. नागपुरास १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्ध्यापासून ते सुमारे ७५ किलोमीटर. जिल्ह्यातही पशुवैद्यक आहेत. बोका वारंवार पेटीत बसतो, ओरडतो, मागचा भाग चाटतो आणि पेटी कोरडी राहते असे दिसले, तर तो बद्धकोष्ठ नव्हे. खाद्य बदलून पाहण्यात रात्र घालवू नका, त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या.